चर्चमध्ये फोडलेला कांदा

चर्चमध्ये बुक्कीनं कांदा फोडलेला माणूस कधी पाहिलाय तुम्ही? नाही ना? मग कप खाली ठेवा आणि नीट बघून घ्या. समोरच बसलाय.

हसताय काय? आधी ऐका तरी. गाढवपणा माझाच होता, कबूल. पण तो मी पूर्ण तयारीनिशी, अत्यंत शिस्तीत, लॅपटॉप शंभर टक्के चार्ज करून केला होता. असा गाढवपणा येरागबाळ्याचं काम नाही.

तुम्हाला माहीतच आहे, माझं ऑफिस दुबईत, देऱ्याला. एका ट्रेडिंग कंपनीत सिस्टिम्स बघतो मी. पण राहायला आम्ही उम्म अल कुवैनला, कारण तिथे शांतता आहे आणि आमच्या सुलभाला दारात कढीपत्ता लावायला जागा हवी होती. शेजारी राहतात डेलोरेस नावाच्या बाई. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या, कृष्णवर्णीय, इथल्या शाळेत सायन्स शिकवतात. आम्ही राहायला गेलो तेव्हा सुलभानं त्यांना डबाभर पुरणपोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो स्वीट पोटॅटो पाय, म्हणजे रताळ्याचं गोड सारण घालून भाजलेला त्यांचा पदार्थ, भरून. सुलभा म्हणाली, "अहो, यांच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत." झालं, त्या दिवसापासून त्या डेलोरेसताई. मी त्यांचा ब्रदर सामंत.

एका संध्याकाळी अंगणात चहा पिताना त्यांनी त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. धडधाकट माणूस, ट्रक चालवायचा. ब्लडप्रेशर वाढलेलं होतं, पण त्याला ते कधी कळलंच नाही, कारण तो डॉक्टरकडे कधी गेलाच नाही. एक दिवस जेवणाच्या टेबलावर स्ट्रोक आला आणि खलास. मग त्यांच्या गावच्या चर्चनं ठरवलं की जो माणूस दवाखान्यात येत नाही, तो रविवारी चर्चला तर येतोच ना? मग तिथेच गाठायचा त्याला. प्रार्थना झाली की तिथेच ब्लडप्रेशर मोजायचं, आकडा फोनमध्ये टाकायचा, मनगटावर पावलं नि ठोके मोजणारं घड्याळ घालायचं, प्रत्येकाला एक जोडीदार द्यायचा आणि फोननं आठवण केली की जोडीदारानं विचारायचं, "गोळी घेतलीस का? चालायला गेलास का?"

"ब्रदर सामंत, इथे दुबईत आमची छोटीशी मंडळी जमते दर रविवारी. घरापासून हजारो मैल लांब, सगळे एकेकटे. त्यांच्यासाठी मला हे करायचंय. माझ्या भावाचं झालं तसं इथे कुणाचं व्हायला नको." हे त्या इतकं साधं बोलल्या की सुलभानं पदरानं डोळे पुसले. मराठीतच सांगतो हां मी सगळं, त्यांच्या इंग्रजीची ती गोडी मला जमायची नाही.

पण एक अडचण होती. मदर रूबी. आपल्या प्रत्येक मंडळात एक आजी असतात बघा, ज्यांनी मान हलवल्याशिवाय अध्यक्षसुद्धा नारळ फोडत नाही? तशा त्या. मदर म्हणजे नन नव्हे हां, त्यांच्याकडे ज्येष्ठ बाईंना मानानं तसं म्हणतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ कणा, डोक्यावर भलीमोठी पांढरी हॅट. दुबईत मुलाकडे राहतात. त्यांचं म्हणणं, माझं हृदय कसं चाललंय ते देवाला ठाऊक आहे, मध्ये घड्याळ कशाला? फार मनधरणी केल्यावर त्या म्हणाल्या की एक रविवार सगळ्यांबरोबर घालून बघते. पटलं तर सगळे पुढेही घालतील, नाही पटलं तर विषय बंद. म्हणजे डेलोरेसताईंचं सगळं त्या एका रविवारावर.

आणि तो रविवार सांभाळायला कोण? मी!

आता सुलभाचं माझ्याबद्दल एक मत आहे. ती म्हणते, यांना कागदाची होडी करायला सांगा, हे बंदर बांधायला घेतात. डेलोरेसताईंना हवं होतं साधं ॲप. आकडा टाका, आठवण करा, यल्ला, चला, संपलं. मी म्हटलं, छे, एवढ्यानं काय होतंय? मी सगळ्यांच्या घड्याळांतून हृदयाचे ठोके थेट माझ्या लॅपटॉपवर आणले. प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका. शांत असेल तर हिरवा, वाढले की पिवळा, फार वाढले की लाल. वर एक मोठं बटण ठेवलं. ते दाबलं की लाल ठिपकेवाल्यांच्या घरच्यांना मेसेज जाणार. मजकूर मी स्वतः लिहिला, ऑफिसातला वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून: 'युअर फॅमिली मेंबर इज इन डेंजर. काइंडली रिमेन काम अँड डू द नीडफुल. रिगार्ड्स, सामंत.'

डेलोरेसताईंनी तो वाचला, परत वाचला. म्हणाल्या, "ब्रदर, हे नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं?" मी म्हटलं, ते ज्याचं त्याला कळतं. आमच्या ऑफिसात कळतं.

रविवारी त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मीच त्यांना दुबईला घेऊन गेलो. तिथे एकाच आवारात वेगवेगळ्या मंडळींचे हॉल आहेत, एकीकडे मल्याळी, एकीकडे फिलिपिनो, मागच्या बाजूला यांचा. डेलोरेसताई म्हणाल्या, "आत चला, आमच्यात बसा." मी नम्रपणे नकार दिला. कारण चर्चचा माझा अनुभव एवढाच की शाळेत असताना मित्राबरोबर एकदा आत गेलो होतो. मला शिंक आली, तर सगळ्या रांगा वळून बघायला लागल्या. इतकी शांतता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलेलं, चर्च म्हणजे लोक हात जोडून, डोळे मिटून, गप्प बसलेले. अशा जागी मी लॅपटॉप घेऊन काय करू? मी म्हटलं, तुम्ही निवांत प्रार्थना करा, मी बाहेरून लक्ष ठेवतो. जाताना त्यांनी सांगितलं की आत फोन चालत नाहीत, सगळ्यांचे फोन दारातल्या टोपलीत जातात. हे वाक्य लक्षात ठेवा.

आवाराच्या फाटकासमोर कादरिक्कांची, म्हणजे केरळच्या कादरभाईंची, कॅफेटेरिया आहे. तिथे बाहेरचं टेबल पकडलं, करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा सांगितला, पराठा आणि ऑम्लेट सांगितलं, वर लोणचं मागून घेतलं. लॅपटॉप उघडला. सगळे ठिपके हिरवे! काय सांगू, एखाद्या विमानतळाचा कारभार आपल्या हातात असावा असं वाटत होतं. दुसरा पराठा मागवला.

तेवढ्यात एक ठिपका पिवळा झाला. म्हटलं, असेल, ॲसिडिटी असेल. मग दुसरा पिवळा. मग चौथा, पाचवा. मग डेलोरेसताई लाल. मग त्यांच्या शेजारचे लाल. बघता बघता अख्खा पडदा लाल, आणि सगळ्यांत वरचा लाल ठिपका कुणाचा? मदर रूबींचा.

तुम्ही माझ्या जागी बसून बघा. गप्प, हात जोडून बसलेल्या माणसांचे ठोके सगळ्यांचे एकदम कशानं वाढतील? मला एकच उत्तर सुचलं. गॅस गळती. नाहीतर आग लागलीय आणि दार अडकलंय.

कुठूनतरी ढोल वाजत होता. टाळ्या ऐकू येत होत्या, कुणीतरी मोठ्यानं गातही होतं. मला वाटलं, आवारात कुणाचं तरी लग्न आहे. माझ्या मनात काय आलं असेल? बिचारी माणसं आत गुदमरतायत आणि शेजारी वरात काढलीय लोकांनी!

डेलोरेसताईंना फोन लावला. तो टोपलीत वाजत राहिला. मग घरी लावला. सुलभा पूजेत होती, फोन आमच्या लेकीनं, रेवानं घेतला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ती जांभई देत म्हणाली, "बाबा, जस्ट गो इनसाइड अँड लुक."

आता मला सांगा, एवढी साधी गोष्ट त्या कारटीला सुचली, मला का नाही सुचली? कारण माझ्यासमोर ते मोठं बटण होतं ना. आयुष्यात पहिल्यांदा माणसाला असं बटण मिळतं आणि ते न दाबता तो उठून जाईल? मी दाबलं. लाल ठिपकेवाल्या सगळ्यांच्या घरी, दुबईत, शारजात, अजमानात, मेसेज गेला. तुमचा माणूस धोक्यात आहे, काइंडली रिमेन काम.

आणि मेसेज गेला त्याच क्षणी मदर रूबींचा ठिपका विझला. लाल नाही, हिरवा नाही. ठोक्यांच्या जागी नुसती रेघ.

डोळ्यांपुढे डेलोरेसताई आल्या, त्यांचा भाऊ आला. मी उठलो, आणि मग माझ्यातला सिस्टिम्सवाला संपला आणि आमच्या काकूचा पुतण्या जागा झाला. आमच्या काकूचा एकच उपाय, माणूस पडला की कांदा फोडून नाकाशी धरायचा. चक्कर असो, फेफरं असो, घरात कुणाचं भांडण होऊन कुणी आडवं झालेलं असो. मी कादरिक्कांना म्हटलं, "इक्का, प्याज दो, जल्दी."

"पराठे के साथ? काटके दूँ?"

"नहीं, पूरा. एक अम्मा को सुंघाना है, वो मर रही है."

इक्कांनी शांतपणे दोन कांदे पुढे केले. म्हणाले, "एक एक्स्ट्रा ले जाओ साब, इन्शाल्ला बच जाएगी."

पोटात दोन पराठे, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात कांदे, असा मी धावत सुटलो. आधी मल्याळी हॉलमध्ये घुसलो. तिथे खरंच शांतता होती. सगळ्या रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. शाळेतली शिंक आठवली. सॉरी म्हणत बाहेर, आणि मग इमारतीला वळसा घालून मागच्या हॉलकडे.

दार ढकललं आणि मी उभाच राहिलो.

ती वरात तिथेच होती! ड्रम वाजतोय, ऑर्गन वाजतोय, सगळी माणसं उभी, टाळ्या वाजवतायत, डोलतायत, नाचतायत, गातायत. डेलोरेसताई, आमच्या शांत, चष्म्यातल्या डेलोरेसताई, हात वर करून घामाघूम होऊन उड्या मारतायत. आणि पुढे, मधोमध, जमिनीवर मदर रूबी आडव्या. डोळे मिटलेले, अंगावर पांढरी चादर. बाजूला पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घातलेल्या दोन नर्सबाई.

आडवा माणूस आणि अंगावर पांढरं. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मी समजलो, ॲम्ब्युलन्स येऊन गेली, नर्सेसनी प्रयत्न सोडला. मग ही माणसं गातायत का? तर मला वाटलं, असेल बाबा यांची रीत, निरोप देत असतील गाऊन.

मी धावत जाऊन गुडघ्यावर बसलो. एका नर्सबाईंना विचारलं, "इज शी गॉन?" त्यांनी हसून ओठांवर बोट ठेवलं आणि हातातल्या पंख्यानं वारा घालत राहिल्या. मला रडू फुटलं. मेलेल्या माणसाला वारा घालतायत म्हणून अजूनच फुटलं. पण आमची काकू आतून ओरडत होती, कांदा, कांदा. सुरी कुठून आणणार? शेजारी लाकडी बाक होतं. त्याच्यावर कांदा ठेवला आणि घातली बुक्की.

पिठलं-भाकरीबरोबर फोडतो ना, तशी. फक्त जोर दसपट!

असा दणका बसला की ड्रमवाल्याला वाटलं ताल बदलायची खूण झाली. त्यानं वाजवणं थांबवलं. ऑर्गन थांबला. गाणं थांबलं. आणि त्या शांततेत मी, डोळ्यांतून घळाघळा पाणी, फुटलेला कांदा मदर रूबींच्या नाकाशी धरून बसलेला. पाणी दुःखाचं किती आणि कांद्याचं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मदर रूबींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग अगदी स्पष्ट आवाजात विचारलं, "बाळा, माझ्या तोंडावर कांदा का आहे?"

मी किंचाळलोच असेन. कारण नर्सबाईंनी मला धरून बाकावर बसवलं. डेलोरेसताई धावत आल्या, माझ्या हातातला लॅपटॉप बघितला, तो लाल पडदा बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनीच मला हळू आवाजात समजावलं. गाता गाता देवाच्या भरात माणूस असा आडवा होतो, हे त्यांच्याकडे नेहमीचं. पडल्यावर अंग झाकलं जावं म्हणून चादर. त्या दोघी कुठल्या हॉस्पिटलच्या नाहीत, चर्चच्याच. भरात आलेल्या माणसाला सांभाळायचं हीच त्यांची सेवा. आणि घड्याळ? ते घामानं मनगटावरून घसरून मदर रूबींच्या बाहीत अडकलं होतं.

म्हणजे एकटं घड्याळच तेवढं गेलं होतं.

अहो, आपल्या भजनी मंडळात शेवटच्या गजराला मी स्वतः टाळ घेऊन नाचतो! तेव्हा माझे ठोके काय झोपलेले असतात? पण दुसऱ्याचा देव शांतच बसलेला असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलेलं. शरमेनं मान वर होईना माझी. कारण डेलोरेसताईंच्या डोळ्यांत मला दिसत होतं, रविवार गेला. मदर रूबी आता काय म्हणणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. माझा मेसेज मिळालेली, जवळपास राहणारी माणसं यायला लागली! कुणाचा नवरा, कुणाची बायको, कुणाची मुलं, एकजण तर तोंडाला शेव्हिंगचा फेस घेऊन. 'काम', म्हणजे शांत, राहायला सांगितलं होतं, पण एकही शांत नव्हता. सगळ्यांत पुढे अर्ध्या चड्डीत, पायांत बाथरूमच्या चपला घातलेला एक धिप्पाड माणूस, "ममा, ममा" करत. मदर रूबींचा मुलगा, मार्कस. आठवडाभर फुजैराच्या बंदरावर काम, रविवारी आईला फाटकाशी सोडायचं आणि परत जाऊन झोपायचं. आत पाऊल टाकून त्याला वर्षं झाली होती.

त्यानं आईला बाकावर ताठ बसलेली बघितलं आणि तिच्या पायाशी फतकल मारून रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मदर रूबी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. हॉलमध्ये बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले, आणि या वेळी ते कांद्यानं नव्हते.

मग त्या उठल्या. हॅट सरळ केली. मला वाटलं, आता माझी पूजा. त्या म्हणाल्या, "देवासमोर माझं हृदय धावणार नाही तर कुठे धावणार? हे त्या घड्याळाला कळत नाही, आणि ब्रदर सामंतलाही कळत नाही. पण माझ्या मुलाला मी किती वर्षं बोलावतेय. माझ्यानं झालं नाही, पास्टरांच्यानं झालं नाही, या माणसाच्या मशीननं एका मेसेजमध्ये त्याला आत आणला. मी घड्याळ घालणार, आणि तुम्ही सगळे घालणार."

डेलोरेसताईंनी मला घट्ट मिठी मारली. हातातला दुसरा कांदा आमच्या दोघांच्या मध्ये आला, पण ते जाऊ दे.

अट एकच घातली मदर रूबींनी. लाल ठिपका गाताना नको, शांत बसल्यावर ब्लडप्रेशर मोजून ठरवायचा. पण मेसेज तोच, शब्दही तेच. एक अक्षर बदलायचं नाही.

मग तिथल्या तिथे मोजायला सुरुवात झाली. आलेल्या घरच्यांनाही रांगेत बसवलं. पण पहिला नंबर लावायला कुणी तयार होईना. मार्कस म्हणाला, दुखतं का? आता एवढा मान मिळाल्यावर माझी छाती फुगलेली. मी पुढे झालो. शर्टाची बाही वर केली, खुर्चीत बसलो आणि सगळ्यांना म्हटलं, "बघा, काही होत नाही. लुक ॲट मी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

यंत्र फुगलं, सुस्कारा टाकला, आकडा दाखवला. नर्सबाई म्हणाल्या, धावून आलात, जरा शांत बसा. पाणी दिलं, बसवून ठेवलं, तोपर्यंत बाकी सगळ्यांचं मोजून झालं. मग परत लावलं. मग दुसऱ्या दंडाला लावलं. मग डेलोरेसताईंना बोलावलं. त्यांनी आकडा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "ब्रदर, शेवटचं कधी मोजलं होतंत?" मी आठवायला लागलो. आठवेचना. मी तर इतरांचं मोजायला गेलो होतो हो! डॉक्टरकडे मी जात नाही, आणि मला गाठायला कुणा चर्चचाही इलाज नव्हता, कारण मी बाहेर पराठा खात बसलेला.

त्या सबंध हॉलमध्ये, पंचाहत्तरीच्या मदर रूबींसकट, लाल ठिपका एकच निघाला. आणि माझं ॲप चोख हो, डेलोरेसताईंनी माझा आकडा टाकून बटण दाबलं आणि तिथल्या तिथे सुलभाला मेसेज गेला. तिचा फोन आला. "अहो, तुमच्या जिवाला धोका आहे असं तुम्हीच कळवताय, वर रिगार्ड्स?"

दुसऱ्या दिवशी डेलोरेसताईंनी स्वतः मला डॉक्टरकडे नेऊन बसवलं. गोळी सुरू झाली. मार्कस माझा जोडीदार आहे, फुजैराहून रोज फोन करून विचारतो, चालायला गेलास का ब्रदर. खरं सांगू, बरं वाटतं. रविवारी मीही आत जाऊन बसतो, टाळ्या वाजवतो, आणि मदर रूबी प्रार्थनेत माझं नाव घेतात. नीडफुल म्हणजे काय ते मात्र या सगळ्यात एकट्या सुलभालाच बरोबर कळलं. म्हणून तर बघा, तुमच्या बशीत कांदाभजी आणि माझ्या बशीत काकडी.

ती आत गेलीय ना? मग द्या ना एक भजं इकडे, पटकन. एकच.

अरे देवा. फोन वाजला. मदर रूबी. आज सकाळी मोजायचं राहिलं, आणि ते मोठं बटण हल्ली त्यांच्याच हातात असतं. आता तुम्हा सगळ्यांच्या मोबाइलवरही येईल बघा, तुमची नावं मीच घातली होती घरच्यांत: काइंडली रिमेन काम. रिगार्ड्स, सामंत.